नोकरी लागली, मग मशीनचे काय?

भगिनींनो, आणि अंक हाती आल्यावर आधी बाजारभावाचे पान उघडणाऱ्या बंधूंनो,

आज मी खताविषयी किंवा बियाण्याविषयी लिहिणार नाही. शिवणाविषयी लिहिणार आहे. पंचायत समितीतली कृषी विस्तार अधिकारी सुई-दोऱ्यावर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल, म्हणू द्या. गावोगावच्या बैठकांत बायका मला जे विचारतात त्याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नसते, म्हणून ते इथे देते आहे.

गेल्या वीस वर्षांत खेड्यातल्या बाईच्या हाती बरीच नवी कामे आली. अंगणवाडी सेविका तर पूर्वीपासून होत्याच. २००५ नंतर आशाताई आल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यात ‘उमेद’ अभियान सुरू झाले आणि बचत गटातल्या बायकांतून कोणी बँक सखी झाली, कोणी पशू सखी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास या दोन खात्यांत करार झाला आणि कृषी सखींना रीतसर प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देण्याचे ठरले. जून २०२४ मध्ये देशभरातल्या तीस हजारांहून अधिक जणींना ती प्रमाणपत्रे मिळालीही. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, जीवामृत कसे करावे, हे आता गावातलीच सून गावाला सांगते. मला त्याचा किती आनंद आहे ते शब्दांत सांगता येणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कृषी विभागात मी एकटी बाई होते.

पण बैठक उठली, चहाचे कप फिरू लागले, की एखादी हळूच जवळ येते. मला वाटते, कामातली काही अडचण सांगेल. ती म्हणते, “मॅडम, काम झ्याक चाललंय. पण शिवणाचं पार वाटोळं झालं बघा.”

हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की आता मोजायचे सोडून दिले. आणि ते ऐकून हसणारे पुरुषही पाहिले आहेत. त्यांना वाटते, शिवण म्हणजे दुपारचा विरंगुळा. पगार आला, विरंगुळा गेला, काय बिघडले? म्हणून आधी शिवण म्हणजे काय ते सांगते. शेतकऱ्याच्या घरात शिवण म्हणजे बाळंतिणीच्या लेकराचे झबले, टोपडे, कुंची आणि दुपटे. शिवण म्हणजे दोन विरलेल्या लुगड्यांचा धड भाग जोडून, दंड घालून केलेले एक लुगडे. शिवण म्हणजे खताच्या गोण्या उसवून, धुऊन, जोडून केलेला धान्य वाळवायचा तळवट. आणि ज्यांच्या घरी पायमशीन आहे त्यांच्याकडे शिवण म्हणजे शेजारणींची झंपरे, परकर आणि साडीचे फॉल. त्याचे जे चार पैसे येतात ते डब्यात पडतात. त्या डब्याबद्दल पुढे सांगायचे आहे, कारण सगळी मेख त्या डब्यात आहे.

माझे स्वतःचे सांगते. १९९३ साली राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झाले. पुढच्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले, सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, आणि १९९६ मध्ये मी विस्तार अधिकारी म्हणून रुजू झाले. लग्न त्याच्या आधल्या उन्हाळ्यात झाले होते. सासर माणदेशात. पाऊस थोडा, बाजरी आणि रब्बीची ज्वारी, दावणीला खिलार बैल, आणि रुखवतात आईने दिलेली पायमशीन. आई कऱ्हाडकडची. तिने शिवण करून आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला होता. मला कापणे, टीप मारणे, काज करणे दहावीच्या आतच येत होते.

नोकरीचा कागद आला त्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी सहज विचारले, “मग आता मशीन देऊन टाकायची का कुणाला? दारातल्या शिंप्यानं मागितलीया.” घरात सगळ्यांनाच ते रास्त वाटले. नुसती धूळ खात पडण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “असू दे की. ती काय दाणावैरण मागतीया व्हय?”

मशीन राहिली. पण राहिली म्हणजे चालली असे नव्हे. सकाळी भाकऱ्या थापून साडेआठची एसटी, तालुक्याला कार्यालय, तिथून गावे. कधी सायकलवाल्याच्या मागे, कधी पायी. परतीची एसटी सातला. कंदील लावून मशीनवर बसावे तर पाठ म्हणे आता पुरे. पहिले दोन महिने मी मशीनवरचे कापडही काढले नाही.

वाट सापडली ती सासूबाईंच्या गोधडीत. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. त्या वर्षी ज्वारी काढून झाल्यावर फाल्गुनात त्यांनी वाकळ घातली. ओसरीवर एक जुने लुगडे अंथरले, त्यावर दुसरे, मध्ये धडपे आणि चिंध्या सारख्या पसरल्या, वर सर्वांत चांगले लुगडे काठ दिसतील असे घातले. लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के केले. मग दाभणासारख्या जाड सुईने कडेपासून धावदोरा सुरू. कडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करत करत मध्यापर्यंत. त्या स्वतः वाकळेवरच बसत आणि सरकत सरकत शिवत. एकीनेच रोज तासभर बसायचे म्हटले तर दीड-दोन महिन्यांचे काम. पण एकटीच्या हातून ते कधी होतच नसे. वाणसामान आणायला निघालेली शेजारीण टेकायची, दहा टाके घालून जायची. जाऊबाई चुलीवर कालवण रटरटत ठेवून यायच्या, एक ओळ पुरी करून उठायच्या. कुणाचा टाका बारीक, कुणाचा मोठा. वाकळेला त्याचे काही नसते. कोपरा मिटवण्याआधी सासूबाई भाकरीचा एक तुकडा आत सारत. वाकळ उपाशी राहू नये म्हणून.

मी ते बघत होते आणि माझ्या ध्यानात आले की ही बाई दिवसभर रानात असते, तरी तिचे शिवण अडत नाही; कारण ती जे शिवते ते केव्हाही खाली ठेवता येते आणि केव्हाही उचलता येते. टाका कुठे थांबला ते वाकळच सांगते. झंपराचे तसे नाही. बाही जोडताना उठलात की परत येऊन उलटसुलट लागलीच म्हणून समजा. वेळ कमी पडतो हे खरे, पण त्याहून जास्त आपण सगळ्या शिवणाला एकाच मापाने मोजतो. वेळ हाती कसा येणार आहे ते पाहून काम निवडायचे.

तेव्हापासून मी शिवणाचे दोन ढीग करते. एक ढीग एका बैठकीच्या कामाचा: मापे घेणे, कापणे, बाही-गळा बसवणे. त्याला उजेड लागतो, डोके थंड लागते आणि दीड-दोन तास कोणी हाक मारायला नको. असा वेळ नोकरी करणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदाच मिळतो, रविवारी सकाळी जेवणाच्या आधी. तर त्या वेळी फक्त तेवढेच करायचे. रविवारची सकाळ हूक लावण्यात घालवणे म्हणजे बागायत जमिनीत कुळीथ पेरणे. दुसरा ढीग उचलता-ठेवता येणाऱ्या कामाचा: हूक, काज, तुरपाई, साडीचा फॉल, क्रोशाचे विणकाम, वाकळ. हे चुलीपाशी होते, दळण होईपर्यंत गिरणीच्या दारात होते, एसटीत होते. खांद्याच्या पिशवीत एक चपटा पत्र्याचा डबा असायचा. त्यात कात्री, दोन सुया, एक रीळ आणि एकच काम. दोन नाही. दोन कामे घेतली की एकही होत नाही.

मधला एक प्रकार राहिला, सरळ टिपांचा. परकराच्या घेराला, उशीच्या अभ्र्याला, पिशवीला लांब सरळ टीप लागते. ती संध्याकाळी वीस मिनिटांत मारता येते, पण कापड आधी कापून, टाचून, बॉबिन भरून ठेवलेली असली तरच. नाहीतर ती वीस मिनिटे कात्री शोधण्यात जातात. आमच्या घरी कात्री शोधणे हा एक स्वतंत्र धंदा होता. मुलगा पतंगाला, धनी सुतळीला, आणि कात्री शेवटी गोठ्यात सापडायची. मग मी शिवणाची कात्री वेगळी केली आणि तिच्या मुठीला लाल चिंधी बांधली. लाल चिंधीला हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा मी घरात चालवला.

एसटीतल्या त्या डब्याने माझ्या नोकरीचेही भले केले, ते सांगायला हवे. बाजरीवर अरगट नावाचा रोग येतो. कणसातून मधासारखा चिकट रस गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. त्या गाठी बियाण्यात मिसळल्या तर पुढच्या हंगामात रोग पुन्हा येतो. खाण्यात आल्या तर माणसाला आणि जनावरालाही बाधतात. घरचे बियाणे ठेवणाऱ्यांसाठी उपाय अगदी स्वस्त आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे टाकून ढवळायचे, वर तरंगतील त्या गाठी आणि पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. हे मी चावडीवरच्या सभेत दोन वर्षे सांगत होते. पुरुष मंडळी माना डोलावत. शेतात मात्र काही फरक दिसत नव्हता.

मग एका वस्तीवर एसटीची वाट बघत एका घरी टेकले. तिथे वाकळ चालली होती. मीही माझी सुई काढली आणि एका कोपऱ्याला बसले. हाताला काम असले की बायका मोकळ्या बोलतात; समोर कागद-पेन घेतलेली बाई दिसली की पदर ओढून गप्प बसतात. बोलता बोलता कळले की बियाणे निवडणे, राखेत घोळणे, मडक्यात भरणे हे सारे बायकाच करतात, आणि सभेत सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नाही. त्याच ओसरीवर बादली मागवली, मीठ मागवले आणि करून दाखवले. तरंगून आलेला काळा कचरा बघून एक म्हातारी म्हणाली, “अगं बया, हे आम्ही पेरत होतो?” पुढच्या वर्षापासून मी चावडीवरची सभा घेतच राहिले, पण बियाण्याचे प्रात्यक्षिक ओसरीवर नेले. तेव्हाचे एक साहेब दौऱ्यावर माझ्या हातात क्रोशाची सुई पाहून म्हणाले होते, “मॅडम, हे सरकारी काम आहे.” मी म्हटले, “होय साहेब, तेच चालले आहे.”

नोकरीला हंगाम असतो. हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको, पण शिवणाला हंगाम लावायचा मात्र आपण विसरतो. माझ्या कामात रोहिणीपासून आषाढापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते: गावबैठका, बियाणे-खतांच्या दुकानांची तपासणी, एक जुलैचा कृषी दिन. त्या दोन महिन्यांत मी बाहेरचे एकही कापड घेत नाही. तुटके बटण लावायचे, बस्स. श्रावण-भाद्रपदात थोडे मोकळे, तेव्हा घरचे शिवण. कोजागरीनंतर दिवाळीचे नवे कापड घेणे बंद. जे आधी आले तेवढेच. मार्गशीर्ष-पौष हे सर्वांत बरे दिवस, तेव्हा लग्नसराईची झंपरे आधीच करून ठेवायची. मार्चअखेर जवळ आली की कार्यालयात बिले आणि अहवाल यांची अशी झुंबड उडते की मशीनवर पुन्हा कापड टाकायचे. आणि उन्हाळा वाकळेचा. तुमची नोकरी वेगळी असेल तर तुमचे पंचांग वेगळे होईल. आशाताईला लसीकरणाचे दिवस ठाऊक असतात, अंगणवाडीत महिनाअखेरची नोंदवही असते. कॅलेंडरवर त्या दिवसांवर आधी काट मारा आणि मग राहिलेल्या दिवसांत गिऱ्हाईकाला तारीख द्या. आपण उलटे करतो. आधी “देते की गं आठ दिवसांत” म्हणून बसतो.

मशीनला मात्र दोन महिने विसरायचे नाही. आठवड्यातून एकदा सगळ्या भोकांत थेंब थेंब तेल सोडून पाच मिनिटे रिकामी चालवावी, नाहीतर तेल घट्ट होऊन चाक जड होते. शटलखाली साठलेला कचरा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावा. सुई बदलायचा कंटाळा करू नये. पातळ कापडाला अकरा नंबर, नेहमीच्या सुती कापडाला चौदा, जाड कापडाला सोळा. आणि मशीन खताच्या गोण्यांच्या खोलीत कधीही ठेवू नका. युरिया ओलावा ओढून घेतो आणि लोखंड गंजते. दुसरे एक, शिवणापेक्षा महत्त्वाचे: औषध फवारताना वापरलेला सदरा, धोतर, ओढणी कितीही धुतली तरी वाकळेत घालू नका. त्या वाकळेवर तान्हे बाळ झोपते. ते कपडे वेगळे धुवा, वेगळे ठेवा आणि जुने झाले की चिंध्यांच्या गाठोड्यात येऊ देऊ नका. ही माझ्या खात्याची सूचना समजा.

आता तो डबा.

गेल्या वर्षी माझी सूनबाई कृषी सखी झाली. मुलगी हुशार, हात चांगला. वस्तीतल्या पंधरा-सोळा घरांची झंपरे तिच्याकडे असतात. तिच्या मशीनला विजेची मोटर आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा तिचे काम दुप्पट वेगाने चालते. प्रशिक्षण झाले, मग शेतकऱ्यांच्या याद्या, मातीचे नमुने, मोबाइलवर भरायची माहिती. दोन महिन्यांत खुंटीवरच्या पिशवीत अकरा झंपरांची कापडे साठली. दारात बायका यायच्या, “झालं का गं?” म्हणायच्या. ती रात्री अकरापर्यंत मशीनवर बसायची आणि सकाळी डोळे चोळत भाकऱ्या करायची. एके दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, “आता मानधन येतंय ना? मशीन विकून टाकू. कशाला जिवाची ओढाताण?” तो वाईट बोलला नाही. बायकोची दगदग त्याला बघवत नव्हती. यांनीही मान हलवली. सूनबाई काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली.

नंतर मी तिला विचारले, “तुला काय वाटतं? खरं सांग.”

ती म्हणाली, “आई, मानधन खात्यावर येतं. खात्याचं कार्ड त्यांच्याकडं. मागंपुढं येतं, आलं की खतात नाहीतर हप्त्यात जातं. जाऊ दे, घर आपलंच आहे. पण त्या डब्याला कुलूप नाही, तरी त्याला कुणी हात लावत नाही.”

त्या डब्यातून काय काय झाले होते ते तिने एकेक सांगितले. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला जाताना नेलेली साडी. लेकीची कंपासपेटी. भिशीचा हप्ता. स्वतःच्या दाढेचा इलाज, ज्याचा खर्च तिने कोणाला मागितलाच नव्हता. मी तीस वर्षे नोकरी केली आणि सरकारचा पगार घेतला, तरी माझाही असा एक डबा आहे, हे मी तिला तेव्हा सांगितले. पगाराला घर वाटेकरी असते आणि असावेच. डब्यातला पैसा कशाला लागला, असे कोणी विचारत नाही. मशीन विकायची म्हणजे तो डबा विकायचा, हे जेवायला बसलेल्या पुरुषांच्या ध्यानात आले नव्हते.

कार्डाचा विषय त्याच रात्री मिटला. तो कसा मिटला हे इथे लिहिणार नाही. कार्ड आता तिच्याकडे आहे.

शिवणाचा हिशेब आम्ही दुसऱ्या दिवशी मांडला. पाटीवर लिहिले: साधे झंपर कापायला वीस मिनिटे, मशीनवर एक तास, हातशिलाई चाळीस मिनिटे. म्हणजे दोन तास. समजा शंभर रुपये शिलाई घेतली आणि दोरा, हूक, वीज यांचे वीस रुपये गेले, तर तासाला चाळीस सुटतात. तुमच्या गावचे आकडे घालून बघा आणि खुरपणीच्या तासाच्या मजुरीशी ताडून पाहा. त्याच हिशेबात सूनबाईला दिसले की अस्तराच्या झंपराला साडेतीन तास जातात आणि शिलाई तिने साध्याच्या दीडपट लावली होती. तिथे ती तोट्यात होती. आणि नात्यातल्या फुकटच्या कामाला तर मापच नव्हते. अकरांतली चार कापडे नात्यातली निघाली! नात्यातल्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे मला कबूल आहे. पण “नात्यातलं दोरा तुझा आणि वेळ माझ्या सवडीचा” एवढे म्हणता येते, आणि कोणी रागावत नाही.

त्या दिवसापासून तिने एक वही केली. कापड आले की नाव, माप, द्यायची तारीख आणि निम्मे पैसे आगाऊ. महिन्याला आठ झंपरे, नववे पुढच्या महिन्यात. अस्तराचे काम फक्त लग्नाचे असेल तर. फॉल-पिको तिने गल्लीतल्या दुसऱ्या मुलीकडे वळवले. तिलाही हात बसायला काम हवेच होते. दोन बायका रागावून दुसरीकडे गेल्या. एक परत आली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती बायका एकमेकींत बोलतात पण छापून येत नाही. शिवणासाठी मिळालेला तास आभाळातून पडत नाही. तो कोणाच्या तरी कामातून निघतो. माझ्या वेळी संध्याकाळची धार यांनी घेतली, म्हणून मला मशीनवर वीस मिनिटे मिळत. पहिल्या आठवड्यात म्हैस लाथा झाडत होती आणि हे तिला शिव्या देत होते. नंतर तिलाही सवय झाली आणि यांनाही. सासूबाई होत्या तोवर पोर त्यांच्या मांडीवर असायचे. आता रविवारी सकाळी मुलगा स्वतः चहा करतो, आणि भाकरी नाही तरी खिचडी लावतो. तुमच्या घरात हा तास कोणाकडून निघणार ते आधी मोकळेपणाने ठरवा. नाहीतर तो तुमच्या झोपेतूनच निघतो. झोपेतून काढलेल्या तासात काज वाकडे होते आणि बोटात सुई जाते.

महात्मा गांधी यंत्रांबद्दल किती कठोर बोलत ते आपण जाणतो. पण १९२४ साली त्यांना कोणी विचारले तेव्हा शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. ते यंत्र बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या मायेपोटी घडले, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राचा जन्म कसाही झालेला असो, त्यावर बसणाऱ्या बाईला घरातून थोडी माया मिळाली तर ते अधिक चालते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. चष्मा लावूनही सुईच्या नाकात दोरा जाता जात नाही. त्यावर नातीने उपाय काढला आहे. रविवारी ती दहा सुयांत दोरा ओवून देते, लांब लांब, आणि मी त्या जुन्या उशीला टोचून ठेवते. आठवडाभर पुरतात. ओवणावळ म्हणून ती दर सुईला एक रुपया घेते. तिचाही एक डबा झाला आहे.

या उन्हाळ्यात आम्ही सासूबाईंच्या तीन लुगड्यांची वाकळ घातली आहे. त्या गेल्या २०१५ साली; लुगडी ट्रंकेत होती. कडेचे चौदा फेरे झाले, मधले अजून बरेच राहिले आहेत. रोहिणी सुरू झाली, मृग सात-आठ जूनला लागेल. यंदा मध्यापर्यंत पोचणे काही खरे नाही. ती गुंडाळून माळ्यावर जाईल आणि सुगीनंतर खाली येईल. सूनबाईच्या वहीत मृगाच्या आत द्यायची तीन झंपरे राहिली आहेत. काल संध्याकाळी एक बाई भाचीच्या साखरपुड्याचे कापड घेऊन आली. सूनबाईने वही उघडून दाखवली आणि दसऱ्यानंतरची तारीख सांगितली. बाई जरा वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, “साखरपुडा दुसरीकडनं करून घेते, लग्नाचं तुझ्याकडंच,” आणि निम्मे पैसे वहीवर ठेवून गेली.